तीन पाळ्यांचे घर : डरहॅमच्या कोळसा-गावांतील काही दिवस

बुधवार : न्यूकॅसल ते होर्डेन

न्यूकॅसलहून दक्षिणेला निघालेली गाडी संडरलंड आणि सीहॅम मागे टाकते, आणि त्यानंतर रूळ समुद्राकाठच्या कड्याला लागून धावू लागतात. डाव्या हाताला उत्तर समुद्र असतो, उजव्या हाताला शेते आणि त्यांच्या पलीकडे विटांच्या घरांच्या सरळ रांगा. या एवढ्याशा पट्ट्यात एकेकाळी सीहॅम, व्हेन टेम्पेस्ट, डॉडन, ईझिंग्टन, होर्डेन, ब्लॅकहॉल अशा खाणी एकापाठोपाठ एक उभ्या होत्या आणि त्यांचे कोळशाचे थर किनारा ओलांडून समुद्रतळाखाली मैलोगणती गेलेले होते. आज गाडीतून बाहेर पाहताना एकही मनोरा दिसत नाही. मला जायचे होते ते ईझिंग्टन कोलियरी या गावी, पण तिथले स्थानक कधीच बंद झालेले असल्यामुळे २०२० मध्ये नव्याने सुरू झालेल्या होर्डेन स्थानकावर उतरले.

या गावांबद्दल आजवर जे वाचले होते, त्यात खाणीत उतरणारा पुरुष सतत समोर येतो आणि त्याच्या घराचे दार बहुधा बंदच राहते. माझे बालपण बल्लारपूरच्या खाण वसाहतीत गेले. वडील भूमिगत खाणीत होते, आणि त्यांची पाळी बदलली की घरातले जेवण, झोप, अभ्यास, पाहुण्यांचे येणे-जाणे, सगळेच बदलत असे. तो सगळा बदल आई सांभाळायची. त्यामुळे इंग्लंडच्या ईशान्येकडील या गावांत जाऊन घराच्या आतल्या बाजूच्या आठवणी ऐकाव्यात, असे फार दिवसांपासून मनात होते.

होर्डेनची खाण १९०० मध्ये खोदायला घेतली गेली आणि १९८७ मध्ये बंद झाली. ऐन भरात ती देशातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक होती. घरे इतक्या घाईने बांधली गेली की रस्त्यांना नावे न देता पहिला रस्ता, दुसरा रस्ता असे क्रमांकच दिले गेले आणि ते आजही तसेच आहेत. त्यांतली काही घरे आता खिडक्यांना पत्रे ठोकून बंद केलेली आहेत, काही नीट रंगवलेली आहेत. वेल्फेअर पार्कमध्ये रे लॉन्सडेल या शिल्पकाराने घडवलेला पोलादी खाणकामगार उभा आहे. त्याच्या छातीत काळजाच्या जागी फाडून काढल्यासारखी पोकळी आहे. शिल्प थोडे उघड बोलणारे आहे असे मला प्रथम वाटले, पण बाकावर बसून त्याच्या पायाशी फुले ठेवणारी माणसे पाहिल्यावर हे शिल्प ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते नेमके पोचले आहे, हे मान्य करावे लागले.

होर्डेनमध्ये मला विशेष रस होता तो जानेवारी १९१० मधल्या घटनेत. त्या महिन्यापासून डरहॅममध्ये आठ तासांच्या कामाचा कायदा लागू झाला. कायदा वरवर पाहता कामगारांच्या हिताचा होता, परंतु डरहॅममधले कोळसा तोडणारे कामगार आधीपासूनच आठ तासांपेक्षा कमी वेळ काम करत होते. लांबलचक दिवस भरायचा तो त्यांच्याबरोबरच्या पोरांना. मुलांचे तास कमी करावे लागणार म्हटल्यावर मालकांनी दोनऐवजी तीन पाळ्या लावल्या, आणि खाणकामगार संघटनेच्या नेत्यांनी सदस्यांना पुरते न विचारता त्या करारावर सह्या केल्या. ठिकठिकाणी संप झाले. होर्डेनमध्ये दंगल उसळून कामगारांच्या क्लबची लूट आणि जाळपोळ झाली.

तीन पाळ्यांनी एवढे काय बिघडणार होते, हे घरात शिरल्याशिवाय कळत नाही. बाप एका पाळीला, थोरला मुलगा दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, आणि त्यात एखादा भाडेकरू. प्रत्येकाला निघण्यापूर्वी खायला हवे, सोबत डबा हवा, परतल्यावर गरम जेवण आणि अंघोळीला पाणी हवे, आणि प्रत्येकाचे ओले, काळे कपडे चुलीपुढे वाळवून, झटकून पुन्हा घालण्याजोगे व्हायला हवेत. घरातल्या बाईला सलग चार तास झोप मिळेल अशी जागा त्या चोवीस तासांत उरत नव्हती. बायकांच्या या हालांचा मुद्दा त्या काळच्या विरोधात उघडपणे मांडला गेला होता. कामाच्या तासांचा इतिहास लिहिताना हे प्रकरण तळटीपेत टाकले जाते, याची मला चीड येते.

गुरुवार : बीमिश

बसगाड्या बदलत बीमिशच्या खुल्या संग्रहालयात पोचले. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभीचे खाणगाव पुन्हा उभे केलेले आहे. हेटन कोळसा कंपनीने एकोणिसाव्या शतकात बांधलेली कामगारांची एक घररांग तिच्या मूळ जागेवरून वीट-वीट सोडवून इथे आणून बसवली आहे. शाळा, प्रार्थनामंदिर, घोड्यांचा तबेला, १८५५ सालचे वाफेचे उचल-यंत्र, आणि डोके वाकवून आत जावे लागेल अशी खरीखुरी उतरती खाण, हे सगळे एका हाकेच्या अंतरावर आहे. खाणीचा भाग मी भरभर उरकला आणि उरलेला दिवस घरांमध्ये काढला.

घर म्हणजे खाली एक मुख्य खोली, मागे छोटेसे स्वयंपाकघर आणि वर शिडीने चढायचा पोटमाळा. मुख्य खोलीची एक बाजू काळ्या ओतीव लोखंडाच्या चुलीने व्यापलेली असते. मधोमध उघडा विस्तव, एका बाजूला पाव भाजायची भट्टी, दुसऱ्या बाजूला पाणी तापवायची टाकी. ही चूल उन्हाळ्यातही विझत नसे, कारण तिच्याशिवाय ना जेवण, ना अंघोळ. खाणीकडून कामगाराला सवलतीचा कोळसा मिळायचा, तोही एकदम गाडीभर, घरामागच्या गल्लीत ओतलेला. तो फावड्याने भिंतीतल्या झडपेतून कोठीत भरायचे काम पुरुष खाणीत असला तर बाईचे किंवा पोरांचे. सोमवार धुण्याचा. दोऱ्या त्याच गल्लीत आरपार बांधलेल्या असत, आणि धुणे वाळत असतानाच कोळशाची गाडी आली की सगळ्या बायकांनी धावत येऊन दोऱ्या वर उचलायच्या किंवा ओले कपडे काढून घ्यायचे.

भिंतीवर खिळ्याला टांगलेला पत्र्याचा लांबट टब होता. पाळीवरून आलेला माणूस चुलीपुढे त्यात बसून अंग धुवायचा, आणि घरातल्या बाईने ते पाणी तापवून, ओतून, मग काळे झालेले बाहेर नेऊन टाकायचे. एका घरात तीन कमावते असतील तर हे तीनदा. पाठ फार धुतली तर कंबर कमजोर होते, अशी जुन्या कामगारांची समजूत होती, त्यामुळे पाठ कित्येकदा नुसती पुसली जायची आणि चादरी काळ्या व्हायच्या. १९१९ मध्ये कोळसा उद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या बायकांनी साक्ष देऊन खाणीवरच स्नानगृहे बांधण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी कायद्याने टनामागे एक पेनी कापून वेल्फेअर निधी उभा राहिला आणि त्यातून हळूहळू स्नानगृहे, वाचनालये, मैदाने झाली. माझ्या मते या गावांच्या इतिहासात खाणीवरच्या स्नानगृहाइतका मोठा बदल दुसरा कोणताच नसेल, आणि तो मागितला बायकांनी.

चुलीपुढच्या चटईशी मी बराच वेळ रेंगाळले. जुन्या गोणपाटाचा तुकडा लाकडी चौकटीवर ताणून बसवायचा, फाटक्या कोटांच्या आणि पांघरुणांच्या बोटभर लांबीच्या चिंध्या कापायच्या आणि टोकदार लाकडाने एकेक चिंधी गोणपाटातून खुपसून खालून ओढून घ्यायची. आपल्या गोधडीसारखीच ही चटई घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांची बनते. नाताळला नवी चटई चुलीपुढे यायची आणि गेल्या वर्षीची मागच्या खोलीत जायची. तिथे काम करून दाखवणाऱ्या बाईंनी मला चौकटीपाशी बसवले. त्यांच्या हाताने एक ओळ व्हायला लागायचा तेवढ्या वेळात माझ्या जेमतेम सात-आठ चिंध्या बसल्या. मध्यभागी लाल तुकडा मिळाला तर घर भाग्यवान, कारण लाल कापड सहसा कुणाकडे नसायचेच, असे त्या म्हणाल्या.

शुक्रवार : ईझिंग्टन कोलियरी

सीसाइड लेन हा गावाचा मुख्य रस्ता उतरत उतरत थेट समुद्राकडे जातो. त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या रांगा आहेत आणि एका भागातल्या रस्त्यांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात, दुसऱ्या भागातली दुसऱ्या अक्षराने. खाणीचे खोदकाम १८९९ मध्ये सुरू झाले, पण जमिनीतल्या पाण्याने इतके अडवले की पहिला कोळसा वर यायला १९१० उजाडले. गाव त्या कोळशासाठीच वसले. वरच्या अंगाला ईझिंग्टन नावाचे जुने खेडे आहे, ते मात्र शतकानुशतकांचे, आणि दोन्ही गावांतला फरक लोक अजूनही जपतात.

ज्यांच्याकडे उतरले होते त्या बाई ऐंशीच्या पुढच्या, एका खाणकामगाराची मुलगी आणि एका खाणकामगाराची विधवा. सकाळी त्या मला वेल्फेअर पार्कमध्ये घेऊन गेल्या. तिथे त्र्याऐंशी झाडांची एक वाट आहे. २९ मे १९५१ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास, एक पाळी सुटून दुसरी पाळी तिची जागा घेत असताना खाणीत स्फोट झाला. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते गंधकयुक्त खनिजावर घासून ठिणग्या उडाल्या, साचलेल्या ज्वलनशील वायूने पेट घेतला आणि हवेत उडालेल्या कोळशाच्या धुळीने ती आग बोगद्यांतून दूरवर नेली. पाळ्यांचा तो सांधा नसता तर इतके जण एकाच वेळी त्या भागात नसते. एक्क्याऐंशी कामगार गेले, आणि त्यांना शोधायला उतरलेल्या बचाव पथकातले दोघे गेले. झाडांच्या वाटेजवळ स्फोटाच्या जागेवरून वर आणलेला एक दगड ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही या माणसांचा मान राखावा, समज मिळवावी आणि सर्व बाबतींत सद्भाव वाढवावा, अशा अर्थाचा मजकूर त्याच्यावर आहे.

बाई तेव्हा शाळकरी होत्या. स्फोटाचा आवाज त्यांना आठवत नाही. त्यांना आठवते ती गल्ली. त्या सकाळी मागच्या गल्लीतल्या साऱ्या बायका दारात उभ्या होत्या, कोणीही कोणाशी बोलत नव्हते, आणि ज्यांची माणसे त्या वेळी खाणीत नव्हती, वेगळ्या पाळीला होती, त्यांना दारात उभे राहायचीही लाज वाटत होती. बाईंचे वडील अशाच वेगळ्या पाळीचे होते. पुढचे काही दिवस आईने शेजारच्या दोन घरांची चूल पेटती ठेवली, मुले आपल्याकडे आणली, आणि आपल्या घरात मात्र कोणी मोठ्याने हसायचे नाही असा नियम केला. मृतदेह वर यायला दिवसामागून दिवस लागत होते. या आठवणीत भर घालण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. बल्लारपूरला खाणीचा भोंगा अवेळी वाजला की आई हातातले काम टाकून फाटकापाशी जाऊन थांबायची, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि आम्ही पुढे चालू लागलो.

वाटेत त्यांनी १ जानेवारी १९४७ ची गोष्ट आईच्या तोंडून ऐकलेली सांगितली. त्या दिवशी देशातल्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि प्रत्येक खाणीवर, ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवीत आहे, असा फलक लागला. अनेकांना वाटले होते, आता मरण थांबेल. चार वर्षांनी १९५१ आले. तरीही राष्ट्रीयीकरणाबद्दल गावात कडवट बोलणारे मला फार भेटले नाहीत. मालक गेले, त्याबरोबर घरातून बाहेर काढले जाण्याची भीती गेली, हे इथे अजून मोलाचे मानले जाते, कारण मालकांच्या काळात संप केला की घर जायचे.

खाण होती त्या जागी आता गवताचा विस्तीर्ण चढ आहे. माथ्यावर पाळीची माणसे वर-खाली नेणारा पिंजरा स्मारक म्हणून उभा केला आहे आणि त्याच्या मागे नुसता समुद्र. ७ मे १९९३ रोजी इथले काम थांबले आणि चौदाशेच्या आसपास माणसे घरी बसली. पिंजऱ्याच्या सळ्यांना हात लावून पाहिले तेव्हा त्यांची जाडी, आणि माणसांना दाटीवाटीने उभे राहावे लागेल इतकी आतली जागा, हे दोन्ही ध्यानात आले.

दुपारी बाईंनी १९८४ बद्दल सांगितले, आणि इथे त्यांचा आवाज बदलला. वीस खाणी बंद करण्याचा आणि वीस हजार जागा कमी करण्याचा बेत जाहीर झाल्यावर मार्च १९८४ मध्ये देशभर संप सुरू झाला. एका बाजूला पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि कोळसा मंडळाचे इयन मॅक्ग्रेगर, दुसऱ्या बाजूला खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल. ऑगस्टमध्ये ईझिंग्टनमध्ये एका कामगाराने कामावर परत जायचे ठरवले आणि त्याला आत नेण्यासाठी गावात शेकडो पोलीस आले. स्वतःच्या गल्लीतून दुकानात जाताना पोलिसाने कुठे निघालात असे विचारावे, हा अपमान त्या अजून विसरलेल्या नाहीत.

पण त्यांचे जास्त बोलणे स्वयंपाकाचे होते. घरात पगार येईना तेव्हा गावातल्या बायकांनी मिळून रोज शेकडो माणसांचे जेवण रांधायला सुरुवात केली. बटाटे पोत्यांनी यायचे, मांस कोणी कमी भावात द्यायचे, कोणी डबाबंद भाज्या आणून ठेवायचे. आज काय शिजवायचे हे काय आले आहे त्यावर ठरायचे. ज्या बाया आयुष्यभर नवऱ्याच्या पाळीप्रमाणे उठल्या-बसल्या, त्याच आता सभांतून भाषणे करू लागल्या, दूरच्या शहरांत जाऊन वर्गणी गोळा करू लागल्या. बाईंनी त्या वर्षी पहिल्यांदा माइकवर बोलल्याचे सांगितले. नवरा घरी राहून मुलांना जेवू घालत होता, आणि त्याला ते जमत होते, हे दोघांनाही नवीन होते. मार्च १९८५ मध्ये संप मोडला. कामगार बँड वाजवत, झेंडे घेऊन खाणीत परत गेले. त्या मिरवणुकीत बायकाही चालल्या.

संध्याकाळी एकटीच किनाऱ्यावर उतरले. खाणीतला दगड-माती आणि कचरा दशकानुदशके इथेच थेट समुद्रात टाकला जात होता, आणि किनारा काळा पडला होता. १९९७ पासून पाच वर्षे चाललेल्या मोहिमेत लाखो टन कचरा उचलून हा किनारा मोकळा केला गेला. कड्याच्या पायथ्याशी त्या कचऱ्याचा जाडजूड थर अजून आहे आणि लाटा तो रोज थोडा थोडा खातात. पूर्वी लोक ओहोटीला इथे येऊन वाहून आलेला कोळसा वेचायचे. संपाच्या हिवाळ्यात त्यावर घरे उबली.

शनिवार : डरहॅम

जुलैतला दुसरा शनिवार म्हणजे डरहॅमच्या खाणकामगारांचा मेळावा. १८७१ मध्ये तो पहिल्यांदा भरला आणि दुसऱ्या वर्षापासून नदीकाठच्या रेसकोर्सच्या मैदानावर भरतो. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खोल खाण, संडरलंडची मंकवेअरमाउथ, १९९३ च्या अखेरीस बंद झाली. तरी आजही लाखभरापेक्षा जास्त माणसे येतात.

प्रत्येक गावाचा आपला भव्य रेशमी झेंडा असतो, आणि त्याच्यापुढे पितळी वाद्यांचा बँड. एल्व्हेट पुलाजवळ उभी राहून मी झेंडे येताना पाहिले. दोन उंच काठ्यांमध्ये ताणलेला हा झेंडा वाऱ्यात शिडासारखा भरतो, म्हणून पुढून आणि मागून दोऱ्या धरून माणसे त्याला आवरत चालतात. दोऱ्या धरणाऱ्यांत आता बऱ्याच मुली दिसल्या. रॉयल काउंटी हॉटेलच्या सज्ज्यात संघटनांचे नेते उभे असतात. प्रत्येक बँड तिथे थांबून एक धून वाजवतो आणि पुढे सरकतो. ज्या गावाच्या खाणीत त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्याच्या झेंड्यावर काळे कापड बांधण्याची प्रथा होती. दुपारी काही झेंडे कॅथीड्रलमध्ये जातात. तिथे वाजते ती ‘ग्रेसफर्ड’ नावाची प्रार्थनाधून, १९३४ मध्ये वेल्समधल्या ग्रेसफर्ड खाणीत २६६ माणसे गेल्यावर हेबर्नच्या रॉबर्ट सेंट या खाणकामगाराने रचलेली. तिला शब्द नाहीत. ती वाजत असताना माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली आणि त्यांच्या पत्नीने ती त्यांच्या हातातून घेऊन स्वतःजवळ धरली.

रविवार : पुन्हा ईझिंग्टन

निघण्यापूर्वी बाईंनी चहाला तीन मैत्रिणींना बोलावले होते. बोलणे म्हाताऱ्या कामगारांच्या घरांवर आले. कामावरून उतरलेल्या माणसाला खाणीचे घर सोडावे लागे, म्हणून डरहॅमच्या कामगारांनी १८९८ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून संस्था काढून निवृत्तांसाठी घरे बांधायला घेतली. ती संस्था आजही आहे आणि मैत्रिणींपैकी एक तिच्याच घरात राहतात. मग निवृत्तिवेतन. २०२४ च्या अर्थसंकल्पात सरकारने खाणकामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतले दीड अब्ज पौंड अखेर कामगारांना परत दिले आणि वेतन सुमारे एक तृतीयांशाने वाढले. एकीच्या मते हे उशिरा का होईना मिळाले. दुसरीच्या मते तिच्या नवऱ्याची छाती धुळीने भरून तो गेला, आता वाढून काय उपयोग. दोघींचा आवाज चढला आणि बाईंनी केक पुढे केला.

मग मी विचारले की खाण आज चालू असती, तर नातवाला खाली पाठवले असते का. तिघी एकदम नाही म्हणाल्या. बाई मात्र थांबल्या. स्नानगृह असते, पगार आणि घराची खात्री असती, तर पाठवले असते, असे त्या म्हणाल्या; गोदामातल्या कामाला कसलीच पाळी नसते, फोन आला की जायचे, आणि ते पोरगे शेजाऱ्याचे नावही ओळखत नाही. निवृत्तिवेतनावरून भांडलेल्या मैत्रिणीने त्यावर त्यांना खडसावले की तू स्वतःच्या मुलाला का नाही पाठवलेस. त्यांनी उत्तर दिले की तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा घ्यायलाच बंद केले होते. वाद तिथे मिटला नाही. माझी बस आली तेव्हा चौघी १९८४ मध्ये कोणाचा मुलगा किती वर्षांचा होता, याचा हिशेब घालत होत्या.